शर्यत मैत्रीची, नियम कोणाचे?

हुसेनसागरावरील शिडाच्या होड्यांच्या शर्यती आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींस काठावरून परिचयाच्या आहेत. या खेळात प्रत्येक होडीमागे पंच नसतो. वळणाच्या बोयाला होडी घासली, तर नाविकाने स्वतःच ती एकदा गोल फिरवून दंड भरायचा. दुसऱ्या होडीचा अग्रहक्क मोडला, तर दोनदा.

मग प्रश्न उरतो : शर्यत मैत्रीची, बक्षीस नाममात्र, पाहणारे कोणी नाही, मग एवढी काटेकोरी कशासाठी? आम्हांस वाटते, ती तेथेच अधिक हवी. मोठ्या स्पर्धेत पंचांचे भय असते. स्नेह्यांच्या शर्यतीत केवळ विश्वास असतो, आणि फसवला जातो तो मित्रच.

तरीही ही नियमनिष्ठा कोरडी नव्हे. संकटातील माणसास मदत करणे, हे त्याच नियमावलीने बंधनकारक केले आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये, पुसानच्या खवळलेल्या समुद्रात, कॅनडाचा लॉरेन्स लेमियू दुसऱ्या क्रमांकावर असता सिंगापूरच्या बुडत्या नाविकांकडे वळला. पुढे पंचांनी त्या फेरीतील दुसरे स्थान त्याला बहाल केले. परंतु वळताना त्याला ते ठाऊक नव्हते.

दंड भरणारा आणि मदतीस धावणारा, दोघेही आपला क्रमांक आपणहून सोडतात. तो सोडता येणे, हीच आमच्या मते मैत्रीच्या शर्यतीतील खरी कमाई.