सूर्याची वीज आणि गायरानाचा हिशोब

बापाच्या ट्रंकेत जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या आहेत. त्यांच्याखाली आणखी काही पावत्या आहेत, दंडाच्या. गायरानाचे दोन एकर वहीत केले म्हणून भरलेल्या. बाप म्हणायचा, "दंड नाही पोरा, हाच आपला सातबारा हाये."

मेहकरच्या अंगाला आमचं गाव. मागच्या साली गायरान मोजायला माणसं आली. सौर प्रकल्प होणार म्हणे. वस्तीतल्या एका पोरानं विचारलं, "दादा, सूर्याची वीज चांगली का वाईट? आपण विरोध करायचा का नाही?" प्रश्न सरळ होता. मला सरळ उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सोपी उत्तरं दोन आहेत. पहिलं: हवामानबदल हे पोटभरल्या लोकांचं खूळ, आपल्याले काय त्याचं? हे उत्तर खोटं आहे. १९७२ च्या दुष्काळात माझ्या मायनं खडी फोडली, सुकडी खाल्ली. पाऊस गेला की आधी मजुराची चूल विझते. मे महिन्याचं ऊन बांधावरल्या मालकाला लागत नाही, वावरातल्या बाईला लागतं. आणि कृषिपंपाला दिवसा वीज आली, तर रात्री काट्याकुट्यात, सापकिरड्यात पाणी द्यायला जाणारा सालदार वाचेल. तो सालदार बहुतेक आपलाच असतो. तेव्हा विरोध विजेला नाही.

दुसरं उत्तर: देशासाठी थोडा त्याग करा. हे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्याग कुणी करायचा, हे ठरवणारा स्वतः कधी त्यागाच्या रांगेत उभा नसतो.

मग खरा प्रश्न काय? चांगल्या कामाचा खर्च कुणाच्या नावे लिहायचा, हा. हा नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जमाखर्चात सापडतं.

२०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं. कागदावर गायरान जवळजवळ फुकट पडलं. पण फुकट कुणाला? त्याच मातीवर कुणाची तूर होती, कुणाची शेळी चरत होती. ते नुकसान कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. जो खर्च वहीत चढत नाही, तो झालाच नाही असं समजणारी ही व्यवस्था आहे. ग्रामपंचायतीला अनुदान मिळतं, खरं आहे. पण गावाला मिळालं म्हणजे गावकुसाबाहेर मिळालं, असं कोण छातीवर हात ठेवून म्हणेल?

कोणी म्हणेल, गायरान तुमच्या बापाचं नाही, साऱ्या गावाच्या गुराढोरांचं आहे. आक्षेप खोटा नाही. पण १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची वहिती कायम करायचा निर्णय सरकारनंच १९९१ साली घेतला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावजमिनीवरली अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही सरकारी पट्टा मिळालेल्या भूमिहीनांचा, अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद ठेवला. हे पट्टे द्यायचे कुणी? एका कचेरीत माझा बाप चपला झिजवत मेला. अर्ज तिथंच आहे.

कराचंही असंच. स्वच्छ ऊर्जेच्या नावानं २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. २०१७ साली जीएसटी आला आणि हाच पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरायला वळला. उलट महाराष्ट्रानं १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार भरील, सरकार तेवढीच भर घालील, आणि त्यातून दुष्काळातल्या मजुराला रोजगार हमीचं काम मिळेल, अशी ती मांडणी. रोजगार हमीत लबाड्या झाल्याच. पण ऐपतीनं भरायचं आणि गरजेला पोचवायचं, हे तत्त्व बरोबर होतं. कराला सुंदर नाव देऊन भागत नाही. तो निघतो कुणाच्या खिशातून आणि जातो कुणाच्या घरात, हे पाहावं लागतं.

बाबासाहेबांनी १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपण त्यांचा फोटो मिरवतो, त्यांचा हिशोब वाचत नाही. मित्रांनो, मोर्चात घोषणा द्याच. पण त्याआधी तलाठ्याकडे जाऊन १-ई चा उतारा मागा. कुणाची वहिती किती सालची, वस्तीत बसून लिहून काढा. आधी वहितीचा निकाल, मग मोजणी. आणि पॅनल बसलेच, तर खाजगी मालकाला जे भाडं, तेच गायरान कसणाऱ्याला.

त्या पोराला मी आता सांगतो: सूर्य चांगलाच आहे बाबू. त्याचं बिल आपल्या एकट्याच्या नावानं फाडू द्यायचं नाही, एवढंच.