नम्रता आणि मजुरी



आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली शिकतात, कोणी नर्स होते, कोणी शिक्षक, कोणी वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत लागते. याचे आपल्याला कौतुक असते आणि ते योग्यच आहे. पण गायकवृंदात वाजवता वाजवता एखादा तरुण घरी सांगतो, "मला बेस गिटार वाजवूनच पोट भरायचे आहे," तेव्हा घरात शांतता पसरते. साधी गिटार असती तरी एक वेळ समजले असते. पण बेस? चार जाड तारांचे, खालच्या आवाजाचे, कोणाच्या लक्षातही न येणारे वाद्य! "यावर संसार कसा चालणार?" हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या पाठीमागे आणखी एक प्रश्न उभा आहे, आणि तो आपण सहसा विचारत नाही. दुसऱ्याच्या गाण्याला आधार देण्यात जो आयुष्य घालवतो, त्याचे आपण काय देणे लागतो? आज या दोन्ही प्रश्नांचा मिळून विचार करू या.

आधी हे वाद्य करते तरी काय, ते पाहू. साध्या गिटारच्या चार जाड तारा ज्या सुरांना लावलेल्या असतात, त्याच सुरांना पण एक सप्तक खाली बेसच्या तारा लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून हा सूर नीट निघतच नाही, म्हणून फोनवर गाणे ऐकणाऱ्याला बेस असल्याचा पत्ताही लागत नाही. त्याचे काम मात्र दुहेरी आहे. एका बाजूने त्याला ड्रमचा ठेका धरून चालायचे असते आणि दुसऱ्या बाजूने गाणे ज्या सुरावर उभे आहे तो मूळ सूर दाखवायचा असतो. ताल आणि सूर यांना जोडणारा सांधाच म्हणा ना. तो चुकला की सारी मंडळी गाताना अडखळतात, पण कोण चुकले ते कळत नाही. तो बरोबर वाजला की आपण बाहेर येऊन म्हणतो, "आज गायन छान झाले." आणि शाबासकी गाणाऱ्यांना देतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आणि उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांसाठीही दार उघडले. मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये उपवासकाळासाठी एक नियम आहे: काही सणांचे दिवस सोडले तर त्या काळात वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवावीत. विचार केला तर बेसवादक हा नियम वर्षभर पाळत असतो. त्याचे वाजवणे म्हणजेच आधार. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १२) शरीर आणि अवयव यांचा दाखला दिला आहे. जे अवयव दुबळे वा कमी मानाचे वाटतात त्यांनाच देवाने अधिक मान दिला आहे, असे तो समजावतो. हा दाखला आपण अनेकदा ऐकतो. पण 'अधिक मान' म्हणजे व्यवहारात काय, हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न कागदावरचा नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने त्याचे उत्तर पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. पोर्तुगीज काळात तेथे चर्चला जोडून संगीताच्या शाळा चालत. गावचे मेस्त लहान मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. मुले शिकत ती मिस्सेत वाजवण्यासाठी. पुढे पोटासाठी यांतलीच अनेक मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांमध्ये राहिली, हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीत-संयोजक सेबास्टियन डिसोझा ही नावे आज जाणकारांना माहीत आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्या काळी अख्खे गाणे एका दमात ध्वनिमुद्रित होई. एकाचा सूर चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. इतक्या जबाबदारीचे काम, पण पडद्यावर नावे झळकत ती संगीतकाराची, गीतकाराची आणि गायकांची. बाकी सारे 'वादक'. गाणी पन्नास पन्नास वर्षे वाजत राहिली. ती वाजवणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी तेवढी मिळाली.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत मोटाऊन या कंपनीच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी बेस वाजवला. त्यांची बोटे जगाने ऐकली, पण कंपनी तबकड्यांवर वादकांची नावे छापत नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या तबकडीवर त्यांचे नाव आले. १९८३ साली ते वारले. ज्या दालनात रॉक संगीतातील थोरांचा गौरव होतो, तेथे त्यांना स्थान मिळाले ते २००० साली. सतरा वर्षांनंतरचा तो मान त्यांच्या कोणत्या उपयोगाचा?

येथे कोणी म्हणेल, "पण प्रसिद्धीची हाव ख्रिस्ती माणसाला शोभते का? उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असेच ना प्रभूने शिकवले?" खरे आहे. आपले नाव पुढे न करता दुसऱ्याचे गाणे उचलून धरणे हा मोठा सद्गुण आहे, आणि बेसवादकाला तो रोज गिरवावा लागतो. पण येथे एक भेद नीट ओळखला पाहिजे. नम्रता ज्याची त्याने स्वीकारायची असते. ती दुसऱ्यावर लादता येत नाही. वादक स्वतःहून म्हणाला, "माझे नाव नको," तर ती नम्रता. आपण त्याचे नाव घ्यायचे विसरलो, मजुरी कापली आणि वर त्यालाच नम्र राहायला सांगितले, तर तो अन्याय. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ते आपणहून. कोणा गरिबाला धरून आणून त्याच्याकडून पाय धुऊन घेतले नाहीत.

पवित्र शास्त्रात या विषयावरचा एक प्रसंग आपल्या फारसा वाचनात येत नाही. नहेम्याच्या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात तो आहे. नहेम्या यरुशलेमेत परततो आणि पाहतो तो काय, मंदिरात गायकच नाहीत! लेवी आणि गायक यांचा ठरलेला वाटा लोकांनी दिला नव्हता, म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते. नहेम्या गायकांना बोल लावत नाही. त्यांची भक्ती कमी पडली, असे तो म्हणत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, देवाच्या घराची आबाळ का झाली म्हणून. मग गायकांना परत आणून त्यांच्या जागी उभे करतो आणि वाटा नीट पोचावा म्हणून विश्वासू माणसे नेमतो. उपासनेतील संगीत आणि वादकाच्या घरची चूल यांचा संबंध त्याने ओळखला होता.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावले, की नाइलाजाने मजूर कमी मजुरीला 'हो' म्हणाला, एवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही. मजुरी बुडवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांमध्ये ख्रिस्तसभेने गणले आहे. वादकाचे काम हौसेचे वाटते म्हणून ते या शिकवणीतून सुटत नाही.

आता आपल्या घरी काय चालते ते पाहू. लग्नात सजावटीला, केकला, जेवणाला आपण हात आखडता घेत नाही. वादकांशी मात्र घासाघीस करतो: "अरे, तू तर आपलाच मुलगा!" दोन तासांच्या कार्यक्रमामागे त्याचा कितीतरी दिवसांचा सराव असतो, तारांचा, अ‍ॅम्प्लिफायरचा, रिक्षाचा खर्च असतो, हे आपण धरत नाही. मग रविवारच्या मिस्सेत जे विनामूल्य वाजवतात त्यांचे काय? त्यांची सेवा हे देवाला दिलेले दान आहे आणि ते मोलाचे आहे. पण दान तेच, जे नाकारायची मोकळीक असते. ज्याचे पोटच या वाद्यावर आहे त्याला आपण आधी विचारले पाहिजे, गृहीत धरता कामा नये. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने आणि कार्यक्रम थांबले, तेव्हा देशभर वादकांची मिळकत एका दिवसात बंद झाली. अशा वेळी त्यांच्या दारी कोण गेले, हेही आपण आठवून पाहावे.

आता दुसरी बाजू, तरुणांसाठी. मजुरीचा हक्क सांगायचा तर काम मजुरीच्या तोलाचे हवे. बेसवादकाला पुन्हा पुन्हा बोलावतात ते त्याच्या बोटांच्या करामतीसाठी थोडे आणि भरवशासाठी जास्त. वेळेवर येणे, वाद्य सुरात लावून येणे, जादा तारा आणि केबल जवळ ठेवणे, स्वरलेखन वाचता येणे, गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तर न कुरकुरता सांभाळून घेणे, एकदा सुपारी घेतल्यावर जास्त पैशांचे दुसरे बोलावणे आले तरी पहिला शब्द न मोडणे. या साध्या गोष्टींवरच हा धंदा टिकतो, आणि यातली प्रत्येक गोष्ट सचोटीचीही आहे.

मिळकत वर्षभर सारखी नसते हेही जाणून असावे. उपवासकाळात आणि आगमनकाळात आपल्याकडे लग्ने सहसा होत नाहीत, चातुर्मासात हिंदू बांधवांची नसतात, पावसाळ्यात मैदानी कार्यक्रम थंडावतात. लग्नसराईचे पैसे लग्नसराईतच संपवले तर पुढे हाल ठरलेले. म्हणून हिशेबाची वही, थोडी शिल्लक आणि शिकवण्याचे काम हवेच. शिवाय यंत्रेही आली आहेत. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझरने आणि पुढे संगणकाने सिनेमाच्या वाद्यवृंदांतील अनेकांची कामे घेतली. छोट्या ऑर्केस्ट्रांत तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावरच बेस भागवला जातो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात केवळ बेसवर घर चालवणे अवघड आहे. मोठ्या कामासाठी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागेल. हे मुलांपासून लपवू नये.

तरीही दार बंद झालेले नाही. चेन्नईचे कीथ पीटर्स यांनी ए. आर. रेहमान यांच्या अनेक गाण्यांत बेस वाजवला आहे, आणि रेहमान यांनी अल्बमच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली म्हणून रसिकांना ते कळले. मुंबईची मोहिनी डे हिचा जन्म १९९६ चा. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक. त्यांनी लहानपणापासून मुलीला शिकवले आणि ती आज देशोदेशी वाजवते. दोन्हीकडे एक गोष्ट दिसते. कोणीतरी नाव घेतले, कोणीतरी घरातून हात दिला.

आईवडिलांना आम्ही एवढेच सुचवू, की मुलाला लगेच 'नाही' म्हणू नका आणि डोळे मिटून 'हो'ही म्हणू नका. त्याला मुदत द्या, सोबत दुसरे एखादे शिक्षण किंवा कसब असू द्या आणि पाहा: रोज सराव करतो का? शब्द पाळतो का? रात्रीचे कार्यक्रम करूनही रविवारी देवासमोर उभा राहतो का? कोणी ऐकत नसताही तो नीट वाजवत असेल, तर कदाचित हेच त्याचे पाचारण असेल.

आणि आपण सर्वांनी तीन गोष्टी कराव्यात. लग्नकार्यात वादकांचा मोबदला आधी ठरवावा आणि त्याच दिवशी हातात द्यावा. सणाच्या दिवशी आभार मानताना गाणाऱ्यांबरोबर वाजवणाऱ्यांचीही नावे घ्यावीत. आणि येत्या रविवारी अर्पणगीताच्या वेळी क्षणभर गाण्याच्या खाली कान देऊन ऐकावे. तेथे कोणीतरी आपल्या सर्वांचे गाणे पेलून धरलेले असते.

२२ नोव्हेंबर हा संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा स्मरणदिन. तिच्या मध्यस्थीने आपल्या वादकांना स्थिर हात लाभो आणि आपल्याला न्यायी मन लाभो.