अर्ज मुलाचा, परीक्षा आपली

आपल्या घरात गणिताची विशेष गती असलेले एखादे मूल आहे का? शाळेचा गृहपाठ ते दहा मिनिटांत संपवते आणि मग "आता काय करू?" म्हणून आपल्यामागे लागते. शिक्षक कौतुक करतात, नातेवाईक "हा पुढचा रामानुजन" म्हणून मोकळे होतात. अशा वेळी आई-वडिलांच्या मनात स्वाभाविकच येते, की या मुलाला वयाच्या पुढचे, अधिक खोल गणित कुठे शिकायला मिळेल?

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न जरा लवकरच येतो. भारतीय विज्ञान संस्था याच शहरात आहे. गणिताची पदवी देणारे भारतीय सांख्यिकी संस्थेचे केंद्रही येथे आहे. अलीकडे विज्ञान संस्थेत उन्हाळ्यात 'प्रॉमिस इंडिया' नावाचे निवासी गणित शिबिर भरते. अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठात १९८९ पासून चालत आलेल्या उपक्रमाचे हे भारतीय रूप आहे. सोसायटीतील एखाद्या मुलाची अशा ठिकाणी निवड झाली, की व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचा वर्षाव होतो आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या घरातही अर्जाची चौकशी सुरू होते.

मुलाला अशी संधी मिळावी असे वाटण्यात काहीच गैर नाही. अंगी असलेला गुण फुलवणे हे आई-वडिलांचे कर्तव्यच आहे. परंतु अर्ज भरण्याच्या या साध्या कृतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. त्याकडे आपण थोडे शांतपणे पाहू या.

पर्यवेक्षक नसलेली परीक्षा

गणित ऑलिम्पियाडसारख्या परीक्षा सभागृहात होतात. ठरलेली वेळ असते, पर्यवेक्षक असतो, प्रत्येकाने आपापले लिहायचे असते. 'प्रॉमिस'सारख्या शिबिरांची रीत वेगळी आहे. अर्जासोबत काही प्रश्न दिले जातात. ते घरी बसून, हवा तितका वेळ घेऊन, स्वतः सोडवायचे असतात. उत्तर पूर्ण आले नाही तरी चालते. काय करून पाहिले, कुठे अडकलो, काय लक्षात आले, हे मुलाने आपल्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा असते.

आता कल्पना करा. रात्रीचे दहा वाजले आहेत. मूल तीन दिवसांपासून एकाच प्रश्नापाशी अडले आहे. अर्जाची मुदत जवळ आली आहे. बाबा स्वतः अभियंता आहेत, उत्तराची दिशा त्यांना दिसते आहे. टेबलावर मोबाईल आहे आणि त्यात प्रश्न टाकला, की काही क्षणांत व्यवस्थित मांडलेली सिद्धता समोर येते. पाहणारे कोणी नाही, विचारणारे कोणी नाही.

या क्षणी परीक्षा मुलाची राहत नाही, ती आपली होते.

"एवढीशी मदत केली तर काय बिघडले? सगळेच करतात," असे मन सांगू लागते. मनाचा हा युक्तिवाद आपण धुडकावून लावू नये, कारण त्यात एक खरी भीती आहे. इतरांच्या मुलांनी मदत घेतली आणि आपल्या मुलाने घेतली नाही, तर प्रामाणिकपणामुळे त्याचीच जागा जाईल का? होय, असे होऊ शकते. सत्याने वागणाऱ्याला प्रत्येक वेळी लगेच यश मिळते, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. सत्याला किंमत द्यावी लागते म्हणून तर त्याला मोल आहे.

मात्र दुसऱ्या बाजूला काय गमावले जाते, तेही पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, ज्या मुलाला आपण असे आत ढकलले, त्याला तेथे काही आठवडे रोज तसेच प्रश्न सोडवायचे आहेत. तेव्हा बाबा जवळ नसतील. दुसरी गोष्ट, जागा मोजक्याच असतात. आपण उसन्या उत्तरावर घेतलेली जागा एखाद्या लहान गावातील मुलीची असू शकते, जिने कोणाच्याही मदतीशिवाय अर्धेच पण स्वतःचे उत्तर लिहिले होते. तिचे नाव आपल्याला कधी कळणार नाही, म्हणून ते नुकसान घडलेच नाही असे होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत खोल आहे. आपण मुलाच्या हातातली पेन्सिल घेतो, तेव्हा तोंडाने "मी फक्त मदत करतोय" म्हणतो. मूल मात्र वेगळेच ऐकते: "तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस." हे वाक्य एकदा मनात रुजले, की पुढची कितीही प्रशस्तिपत्रके ते पुसू शकत नाहीत.

मदत कुठे संपते?

मग आई-वडिलांनी काहीच करायचे नाही का? असे मुळीच नाही. एक साधे उदाहरण घेऊ.

१ ही पहिली विषम संख्या. १ आणि ३ मिळून ४. १, ३ आणि ५ मिळून ९. त्यात ७ मिळवले की १६. मुलाच्या लक्षात येते, की प्रत्येक बेरीज ही वर्गसंख्याच आहे! पण असे का होते? आणि पुढे कितीही गेले तरी असेच होईल, हे कशावरून?

येथे आपण दोन गोष्टी करू शकतो. "थांब, मी सांगतो," म्हणून सूत्र लिहून देऊ शकतो. किंवा मूठभर चिंचोके त्याच्यासमोर ठेवून म्हणू शकतो, "मांडून बघ." मूल एक चिंचोका ठेवते. त्याच्या बाजूला, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन ठेवते, चारांचा चौकोन होतो. पुन्हा दोन बाजूंनी कडेने पाच ठेवते, नवांचा चौकोन होतो. अचानक त्याचा चेहरा उजळतो. प्रत्येक विषम संख्या म्हणजे आधीच्या चौकोनाला दोन बाजूंनी घातलेली एकेक नवी कड आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, ते त्याने पाहिलेले असते.

तो उजळलेला चेहरा हेच गणिताचे खरे फळ आहे. सूत्र सांगून टाकणारा माणूस मुलाला उत्तर देतो आणि हा क्षण मात्र हिरावून घेतो.

शिकवताना चिंचोके पुढे करणे ही मदत आहे. अर्जातील प्रश्न हाती आल्यावर मात्र तेवढीही सूचना देऊ नये, कारण तेथे 'स्वतः करा' असे सांगितलेले असते. तेव्हा आपले काम एवढेच, की घरात शांतता ठेवावी, वेळेवर जेवायला घालावे, रडू आले तर जवळ घ्यावे आणि "आज राहू दे, उद्या पुन्हा बघ" असे म्हणावे. न शिवता जवळ बसणे ही आई-वडिलांची साधना आहे. दिसायला ती सोपी आहे, करायला फार कठीण.

ही इच्छा कोणाची आहे?

याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. या अर्जामागे मुलाची जिज्ञासा आहे की आपली अपूर्ण राहिलेली इच्छा?

विलक्षण गणनशक्तीसाठी जगाला माहीत असलेल्या शकुंतला देवी बंगळुरूच्याच. जन्म १९२९ चा. वडील सर्कशीत काम करत. मुलीची शक्ती त्यांच्या ध्यानात आली आणि अगदी लहान वयातच ती त्यांच्याबरोबर जाहीर कार्यक्रम करू लागली. पुढे १९८० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. त्यांच्या कर्तृत्वाला नमस्कारच केला पाहिजे. त्या कुटुंबाची परिस्थिती कठीण होती, त्यामुळे त्यांच्याविषयी निवाडा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मात्र तशी अडचण नाही. तरीही पाहुणे आले, की "सतरा गुणिले एकोणीस किती, सांग बरं काकांना!" असे आपण म्हणतोच. तेव्हा मुलाचा गुण त्याचा राहतो, की आपल्या प्रतिष्ठेसाठी मांडलेला खेळ होतो?

मुले हे फार लवकर ओळखतात. आपण बरोबर उत्तर दिले की आई आनंदी होते आणि चुकले की घर गप्प होते, हे कळले की मूल गणितावर प्रेम करणे थांबवते. ते फक्त आपल्या आनंदाची चिंता करू लागते.

नकार आला तर

भारतीय विचाराने कर्म आणि फळ यांत भेद केला आहे. प्रवेश अर्जाच्या वेळी तो भेद प्रत्यक्ष जगून दाखवण्याची संधी आपल्याला मिळते.

जानेवारी १९१३ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाने केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र पाठवले. श्रीनिवास रामानुजन यांचे ते पत्र म्हणजे एका अर्थी अर्जच होता. त्यात सूत्रे होती, सिद्धता बहुतेक नव्हत्या, आणि काही विधाने पुढे चुकीचीही ठरली. पण ते सर्व त्यांचे स्वतःचे होते. हार्डींनी ते ओळखले. याआधी केंब्रिजमधीलच बेकर आणि हॉब्सन या दोन नामवंत गणितज्ञांकडून मात्र रामानुजन यांच्या पदरी निराशाच आली होती. माणूस तोच, गणित तेच. कोणाला दिसले, कोणाला दिसले नाही. निवड करणारा माणूस आपल्यापुढे आलेल्या कागदाविषयी मत देतो. मुलाच्या मोलाविषयी मत देण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तेथे शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, मोठ्या संस्थेत पद नव्हते. संख्यांवर मात्र अपार प्रेम होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. उदाहरणार्थ ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा: ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तसेच करा: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. येथून पुढे ६१७४ च येत राहते. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच पोहोचते. आज जग या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचा आनंद त्या प्रसिद्धीची वाट पाहत थांबला नव्हता.

आणि होकार आला तर

नकारापेक्षा होकार पचवणे कधी कधी अवघड असते. "मी निवडला गेलो" या जाणिवेतून अहंकार सहज डोके वर काढतो.

अशा वेळी मुलाला विज्ञान संस्थेची गोष्ट अवश्य सांगावी. जमशेटजी टाटा यांनी या संस्थेचे स्वप्न पाहिले, त्यासाठी आपली संपत्ती देऊ केली. म्हैसूर संस्थानाने विस्तीर्ण जमीन दिली. संस्था स्थापन झाली १९०९ मध्ये, आणि जमशेटजी १९०४ मध्येच निवर्तले होते. ज्या झाडांच्या सावलीत आपले मूल गणित शिकणार, ती सावली अशा माणसाची देणगी आहे ज्याला स्वतःला तिथे कधी बसता आले नाही. बुद्धीही अशीच एक देणगी आहे. ती मुलाने कमावलेली नाही, आपणही नाही. ती आपल्याकडे ठेव म्हणून आली आहे आणि ठेव वाढवून समाजाला परत करायची असते. शिबिरातून परतल्यावर मुलाने शेजारच्या दोन मुलांना चिंचोक्यांचे चौकोन दाखवले, तरी परतफेडीला सुरुवात झाली.

अर्ज भरण्यापूर्वी

या वर्षी आपल्या घरी असा अर्ज भरला जाणार असेल, तर पुढील चार गोष्टी ठरवून पाहा.

१. मुलाला एकांतात विचारा, "निवड झाली नाही तरी हे प्रश्न सोडवायला तुला आवडतील का?" उत्तर 'नाही' असेल, तर अर्ज थांबवण्याचे धैर्य ठेवा.

२. प्रश्न घरी आल्यापासून अर्ज पाठवेपर्यंत पेन्सिल फक्त मुलाच्या हातात राहील. कोठून काही मदत झालीच असेल, तर ती अर्जात स्पष्ट लिहावी.

३. अर्धवट उत्तराची लाज वाटू देऊ नका. "येथपर्यंत आलो, पुढे मला माहीत नाही," हे वाक्य प्रामाणिक बुद्धीची खूण आहे.

४. अर्ज पाठवला त्या दिवशी घरात गोडधोड करा. निकालाच्या दिवसाची वाट पाहू नका. कर्म त्या दिवशीच पूर्ण झालेले असते.

मुलाला काही वर्षांनी कदाचित एकही प्रश्न आठवणार नाही. पण आपण अडलो होतो तेव्हा आई-बाबांना उत्तर माहीत असूनही ते गप्प बसले, आपल्यावर विश्वास ठेवून वाट पाहत राहिले, हे त्याच्या मनात कायम राहील. आपल्या मुलाला एवढा विश्वास देण्याचा संकल्प आपण आजच करू या.