गाडीवानासह किंवा गाडीवानाविना

शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, धाव रब्बीचे पीक निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात आखली जाते आणि मृगाच्या आत ते रान पुन्हा नांगरले जाते. निलंग्याच्या परिसरात, तेरणा-मांजरेच्या खोऱ्यात, काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा भेगेत धावत्या बैलाचा पाय गेला तर संपलेच. त्यामुळे धावेसाठी माळाची, मुरमाड पट्टी शोधावी लागते. दगड वेचायचे, ढेकळे फोडायची, पाणी शिंपून माती बसवायची, कडेने चुन्याची फक्की ओढायची, की मैदान तयार. भिंत नाही, ओटा नाही. कमान असलीच तर कापडाची. जत्रा उठल्यावर आठवड्याभरात तिथे काही घडले होते याची खूणही उरत नाही.

महाराष्ट्रात या खेळाची रूपे वेगवेगळी आहेत. पुणे जिल्ह्यात घाट असतो, बारी असते आणि गाडा बहुधा माणसाविना धावतो. सांगली-साताऱ्याकडे छकडे गटागटाने सुटतात आणि हाकणाऱ्याला सरळ ‘ड्रायव्हर’ म्हणतात. विदर्भात जोडी घड्याळावर पळते आणि निकाल सेकंदाच्या अपूर्णांकावर लागतो. विदर्भ-मराठवाड्यातले नाव शंकरपट. हाकणारा तो धुरकरी.

न्यायालयातला इतिहास आता सर्वांना पाठ आहे. ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. तेव्हापासून गावोगाव फलक लागतात, बैल वाचला आणि संस्कृती वाचली अशी भाषणे होतात. काही मोठ्या शर्यतींत बक्षीस म्हणून ट्रॅक्टर ठेवला जातो. बैलाला गोठ्यातून ज्याने बाहेर काढले तेच यंत्र बैलाच्या गळ्यात हार घालून मालकाला द्यायचे, यातला विनोद व्यासपीठावर कोणाला खटकत नाही.

या वादातले सगळेच मुद्दे तपासण्याजोगे नाहीत. क्रौर्याचा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर नियम पाळण्यात आहे. शर्यतीची वंशावळ पुराणकाळापर्यंत नेणे ही हौस आहे. ग्रामीण पर्यटनाचा मुद्दा निलंग्यापुरता तरी हसून सोडून द्यावा. मात्र एक मुद्दा गंभीरपणे मांडला जातो, न्यायालयातही मांडला गेला, आणि तो चुकीचा आहे: शर्यतीमुळे देशी गोवंश टिकतो.

कोणता गोवंश, हे आधी विचारावे लागते. लातूर जिल्ह्याची ओळख देवणी: पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, दुधाला बरी आणि भारी जमिनीत नांगराला ताकदीची. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी ही कष्टाची, ओढीची जात. दोन्हींची निवड शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या केली ती दूध, ओढ आणि कमी चाऱ्यावर तग धरण्यासाठी. वेगासाठी प्रसिद्ध आहे ती माणदेशातली खिल्लार. वेगावर बक्षीस लावले की हौशी मालक खिल्लार खोंड विकत आणणार, हे सांगायला पशुवैद्यक लागत नाही. म्हणजे देवणीच्या मुलखात धाव आखून वाचणार कोण, तर आटपाडीचा बैल. माणदेशात खिल्लार खोंडांना शर्यतीने भाव आणला असेल, हे मान्य करता येते. पण तो माणदेशाचा युक्तिवाद आहे. महाराष्ट्राचा नाही, मराठवाड्याचा तर नाहीच.

दुसरे असे, की जात टिकते ती गाईवर. गोठ्यात दावणीला उभी असलेली, दोन वेळ थोडे दूध देणारी, कोणी फोटो न काढणारी देवणी गाय हा त्या जातीचा खरा आधार. शर्यतीतला बैल खच्ची केलेला असेल तर त्याची संततीच होत नाही. नसेल, तरी एका नामांकित वळूभोवती लाखांच्या बोली लागल्याने शंभर गोठ्यांतल्या गाईंची वैरण वाढत नाही.

आणि वैरण हाच मुद्दा आहे. या भागात ज्वारी होती तोवर कडबा होता. पेंढ्यांच्या गंजी हीच बैलाची शिदोरी होती. १९९० नंतर सोयाबीन वाढत गेले, लातूर त्याची मोठी बाजारपेठ झाली, आणि कडब्याच्या जागी भुसकट आले, जे बैल तोंड फिरवून बाजूला सारतो. चारा विकत घेऊन जोडी पाळायची, तर तिला वर्षभर काम हवे. काम तर भाड्याचा ट्रॅक्टर तासात उरकतो. २०१५ च्या मार्चपासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही, त्यामुळे तरुण बैल घेतानाही हात आखडू लागला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या जत्रेत जनावरांच्या दावणी कमी झाल्या असतील, तर कारणे या साखळीत आहेत. साडेसात वर्षे शर्यत बंद होती हे त्यातले सर्वांत किरकोळ कारण. ज्याला गोवंश जपायचा आहे त्याने कडबा देणाऱ्या ज्वारीच्या भावाबद्दल बोलावे.

या वादात जो पूर्णपणे गहाळ झाला तो धुरकरी. त्याचे काम बारकाईने पाहिले तर शंकरपट ही बैलांची शर्यत आहे असे म्हणणे अर्धवट वाटते. छकड्यावर पाय टेकण्यापुरती फळी असते. धुरकरी तिच्यावर गुडघे वाकवून, जवळजवळ उकिडवा राहतो; आसाचा प्रत्येक दणका गुडघ्यांत जिरवायचा असतो. जोडीत एक बैल पुढे झेपावणारा आणि एक थोडा अंगचोर असतोच. दोघांचे कासरे सारखे सोडले तर छकडा तिरका पळतो, म्हणून झेपावणाऱ्याचा कासरा बोटभर आखूड धरावा लागतो. सुटण्याआधी तो शिवळा हलवून पाहतो, जुपणीची गाठ अंगठ्याने दाबतो आणि दोन्ही वशिंडांवर तळवा ठेवतो. ज्याचे कातडे थरथरते त्याला आधी बोलून शांत करायचे. नियमांनी चाबूक आणि काठी काढून घेतल्यावर तर आवाज हेच त्याचे एकमेव अवजार उरले.

हा आवाज बैल ओळखतात, कारण वैरण-पाणी करणारा आणि रात्री गोठ्यात झोपणारा माणूस बहुधा तोच असे. जुन्या पिढीतला धुरकरी पुष्कळदा सालगडी होता. त्याचे साल गुढीपाडव्याला ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला मोडायचे. साल मोडले की तो दुसऱ्या गावी, दुसऱ्या गोठ्यात. त्याने तयार केलेली जोडी जुन्याच मालकाच्या दावणीला. चैत्राच्या जत्रेत त्याच जोडीविरुद्ध छकडा हाकण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकत होती. भोंग्यावरून मात्र बैलांची नावे, मालकाचे आडनाव आणि गाव पुकारले जाई. पाटलांची जोडी आली, एवढेच लोकांनी ऐकले.

याच मातीतला दुसरा खेळ शेजारी ठेवला की फरक दिसतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. १९६१ पासूनच्या विजेत्यांची यादी कोणत्याही तालमीत तोंडपाठ मिळते. कुस्तीचा फड आणि पटाची धाव एकाच जत्रेत, कधी एकाच माळावर असत; दोन्ही दुसऱ्या दिवशी मोडत. मल्लाचे नाव राहिले, कारण त्याने पणाला लावलेले अंग त्याचे स्वतःचे होते आणि फेटा त्याच्याच डोक्याला बांधला गेला. धुरकऱ्याने पणाला लावली ती मालकाची मालमत्ता, आणि स्वतःचे हातपाय.

माती हे विसरण्याचे कारण नव्हे, याचा पुरावा फार दूर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या हिल्सबरोजवळ ऑकोनीची स्पीडवे नावाची मातीची मोटार-धावपट्टी होती. १९६८ नंतर तिथे शर्यत झाली नाही, पट्टीवर रान माजले. पण तिथे कोण जिंकले, कोण धडकले, हे सारे छापलेले आहे, आणि २००२ मध्ये ती जागा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली. तिथे लोकांनी चालकाला डोक्यावर घेतले होते, गाडीच्या मालकाला नाही.

इथे परंपरा आणि आठवण यांत भेद करावा लागतो, आणि सगळा प्रश्न अखेर त्यावरच येऊन थांबतो. परंपरा सिद्ध करायची तर ती सर्वांची आणि म्हणून कोणाचीच नसावी लागते. न्यायालयापुढे तसेच सांगावे लागते. आठवणीचे उलट आहे. अमुक माळ, अमुक साल, अमुक हाकणारा, याखेरीज तिला अस्तित्वच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने शर्यतीची व्याख्या करताना ती गाडीवानासह किंवा गाडीवानाविना असे शब्द घातले. घाटातला रिकामा गाडा बसावा म्हणून ते आवश्यक असतील. तरी परंपरेच्या दृष्टीने गाडीवान असला काय नि नसला काय, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे लिहिलेले नाही. २०१४ ते २०२१ या काळात परंपरा फक्त थांबली होती, ती निकालाने पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षांत जे म्हातारे धुरकरी गेले त्यांच्याबरोबर गेलेले कोणत्याही निकालाने परत येत नाही.

नोंद करायची झाली तर निलंग्याकडे ती आणखी अवघड आहे. हा तालुका १९५६ पर्यंत निजामी राजवटीतून आलेल्या बीदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत गेला, १९८२ पासून लातुरात आहे. एका माणसाच्या हयातीत तीन जिल्ह्यांची दप्तरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या पट्ट्यात जी गावे जागा सोडून उठली, तिथे ‘वेशीपुढचा माळ’ ही खूणही निरुपयोगी झाली. तेव्हा धाव कोणत्या गटात होती, किती लांब, कोणत्या तोंडाने पळत, हे माणसांनाच विचारून लिहावे लागेल. जत्रेच्या हँडबिलांवर आयोजक आणि बक्षिसे असतात, हाकणाऱ्यांची नावे नसतात. जुन्या धुरकऱ्याचे नाव शाईत सापडलेच तर ते मालकाच्या हिशेबाच्या वहीत सापडेल, सालाची रक्कम, ज्वारीची पोती आणि उचल यांच्या रकान्यापुढे.