कागदावरचा डाग आणि शेषवत् अनुमान

दिसणाऱ्या परिणामावरून न दिसणाऱ्या कारणाचे खात्रीलायक ज्ञान होऊ शकते का, हा प्रश्न भारतीय दर्शनांत फार जुना आहे आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील झेरॉक्सच्या दुकानांत तो रोजचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले असून, कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला वात्स्यायनाच्या भाष्यातील पहिल्या अर्थानुसार ‘शेषवत्’ म्हणतात. नदीचा पूर पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे ठरवणे, हे त्याचे परंपरागत उदाहरण. लेझर प्रिंटरमधून निघालेल्या खराब पानावरून यंत्रातील दोष ओळखणे हेही याच जातीचे अनुमान आहे, आणि ते फसते तेही सूत्रकारांनी दाखवलेल्या रीतीनेच.

न्यायसूत्रांतील पूर्वपक्षी, म्हणजे आधी आक्षेप मांडणारा, असे विचारतो की पाणी पुढे अडल्यानेही नदी फुगते, मग पुरावरून पावसाचे अनुमान कसे करावे? हा आक्षेप मुंबईच्या उपनगरांना तरी पुस्तकी वाटू नये. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला तेव्हा मिठी नदीचे पाणी चढले त्याला पाऊस जसा कारण होता, तशीच भरतीमुळे आणि अरुंद झालेल्या पात्रामुळे झालेली अडवणूकही कारण होती. वात्स्यायनाचे उत्तर असे की, नुसते पाणी वाढणे हा हेतूच नव्हे. वेगवान प्रवाह, फेस, वाहत आलेली पाने, फळे आणि लाकडे यांनी युक्त असा विशिष्ट पूर हा हेतू होय. ‘हेतू’ म्हणजे ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती खूण, आणि ‘साध्य’ म्हणजे त्या खुणेवरून जे सिद्ध करायचे ते. अनुमानाचे बळ हेतूच्या नेमकेपणात असते, ही या उत्तरातील खरी मौल्यवान गोष्ट आहे, आणि तिची कसोटी छपाईयंत्रावर फार चांगली लागते.

त्या यंत्राची रचना थोडक्यात अशी. ‘ड्रम’ नावाच्या, प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या लेपाच्या नळकांड्यावर प्रथम सर्वत्र सारखा विद्युतभार चढवला जातो. लेझरचा किरण जेथे अक्षर उमटायचे तेवढ्याच जागेवरचा भार उतरवतो. त्या जागी टोनरची पूड चिकटते, ती ट्रान्सफर रोलरवरील विरुद्ध भारामुळे कागदावर येते आणि शेवटी ‘फ्यूजर’ या तापलेल्या भागात वितळून कागदाला धरते. यातून असे घडते की ड्रमवर भारच चढला नाही तर पान कोरे न निघता सगळे काळे निघते, आणि लेझरच्या वाटेत धूळ बसली तर त्या जागी कागदाच्या लांबीभर पांढरी रेघ राहते. या दुसऱ्या दोषात कारणाचा पत्ता देणारी खूण म्हणजे टोनरचा अभाव. अभावालाही स्वतंत्र पदार्थ मानणाऱ्या वैशेषिकांना त्यात नवल वाटले नसते.

‘प्रिंट खराब येते’ या तक्रारीवरून कोणतेच कारण सिद्ध होत नाही. ‘पानावर काळा ठिपका येतो’ हे थोडे बरे, तरी अपुरेच. पण ‘तोच ठिपका दर 75 मिलिमीटरवर पुन्हा येतो’ असे पट्टीने मोजून सांगता आले की अनुमान एकदम उभे राहते, कारण लहान यंत्रांत 24 मिलिमीटर व्यासाचा ड्रम नेहमी आढळतो आणि त्याचा परीघ सुमारे 75 मिलिमीटर भरतो. 30 मिलिमीटर व्यासाचा ड्रम असेल तर हेच अंतर सुमारे 94 मिलिमीटर होते. येथेही एक सावधगिरी हवी. टोनर ड्रमपर्यंत नेणारा मॅग्नेटिक रोलर सहसा ड्रमपेक्षा अधिक वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्यावरील दोष कागदावर त्याच्या परिघाइतक्या अंतराने उमटत नाही, आणि निव्वळ परिघाचा हिशेब करणारा माणूस निर्दोष भागाला दोषी ठरवून मोकळा होतो.

फिक्या छपाईचा प्रकार अधिक फसवा आहे. टोनर संपत आला की अक्षर फिके येते हे खरे, पण अक्षर फिके आले म्हणून टोनर संपला असे ठरवणे हा ‘सव्यभिचार’ हेत्वाभास, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा हेतू होय. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या रिमचा कागद दमट होतो, दमट कागदात विद्युतभार टिकत नाही आणि टोनर ड्रमवरून पुरता उतरत नाही. अशा वेळी नवा टोनर भरूनही अक्षर फिकेच राहते आणि ग्राहक रिफिल करणाऱ्याला बोल लावतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात (आठल्ये आणि बोडस यांच्या परिश्रमाने सिद्ध झालेली त्याची आवृत्ती 1897 साली मुंबईतूनच निघाली) अशा फसव्या हेतूमागे लपलेल्या अटीची, म्हणजे ‘उपाधी’ची, व्याख्या अशी आहे की, जी साध्य असेल तेथे असतेच, पण हेतू असेल तेथे असतेच असे नाही. टोनर खरोखर संपत आला असेल तर कार्ट्रिज काढून आडवे हलवल्यावर काही पाने गडद येतात. फिकेपणाच्या इतर प्रसंगी तसे होत नाही. कारागीर कार्ट्रिज हलवून पाहतो तेव्हा तो उपाधीच तपासत असतो.

‘अन्वय’ म्हणजे एक असता दुसरे असणे आणि ‘व्यतिरेक’ म्हणजे एक नसता दुसरे नसणे. कॉपियरच्या काचेवर ठेवलेल्या कागदाची प्रत स्वच्छ येते, पण वरच्या फीडरमधून ओढलेल्या कागदाच्या प्रतीवर सरळ रेघ उठते, तेव्हा दोष फीडरखालच्या अरुंद काचपट्टीवरील कणात असतो. पट्टी पुसताच रेघ गेली की व्यतिरेकही पुरा होतो. त्याहून धीट तपासणी अशी की, छपाई चालू असताना यंत्र मध्येच थांबवून ड्रम पाहायचा: त्यावरील प्रतिमा गडद आणि कागदावरची फिकी असेल, तर लेझर, टोनर आणि ड्रम हे तिन्ही सुटतात आणि संशय ट्रान्सफर रोलर व कागद यांच्यापुरता उरतो.

नैयायिकांनी हेच शेषवत् अनुमान ईश्वरसिद्धीसाठी वापरले. पृथ्वी हे कार्य आहे, प्रत्येक कार्याला घटाप्रमाणे कर्ता असतो, म्हणून पृथ्वीलाही कर्ता आहे, असा त्या युक्तिवादाचा सांगाडा. उदयनाच्या न्यायकुसुमांजलीत त्याच्या जोडीला इतरही हेतू आहेत. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिकात कर्त्याच्या या युक्तिवादावर जो वार केला तो वात्स्यायनाच्याच शस्त्राने: कुंभार मातीचा घट घडवतो म्हणून मातीचे वारूळही कुंभाराने घडवले असे ठरत नाही, कारण ‘मातीची घडण’ हा हेतू फार ढोबळ आहे. पुराचा फेस आणि पाने मोजणाऱ्या परंपरेने सर्वांत मोठ्या साध्यासाठी मात्र ‘कार्यत्व’ हा सर्वांत ढोबळ हेतू निवडावा, हे खटकते. रामानुजांनी तर श्रीभाष्यात, स्वतः परम आस्तिक असूनही, हे अनुमान नाकारले. जगाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कर्त्यांनी घडवले नसतील कशावरून, असे विचारून त्यांनी ईश्वर शास्त्रावरूनच कळतो असा निर्णय दिला. नैयायिक यावर ‘लाघव’ पुढे करतात, म्हणजे एका कारणाने भागत असेल तर अनेक कल्पू नयेत. छपाईयंत्र दुरुस्त करणाराही लाघवानेच आरंभ करतो, परंतु ड्रम बदलूनही अर्धा दोष उरला तर तो दुसरे कारण शोधू लागतो. ही सोय त्याला पुन्हा पान काढून पाहता येते म्हणून मिळते, आणि कर्ता वगळून जगाची दुसरी प्रत काढून पाहण्याचा व्यतिरेक उदयनाला उपलब्ध नव्हता.