संख्येचा वक्ता कोण? आज्ञावलीगर्भ संहिता आणि लेखकाचे उत्तरदायित्व

1

छापील पृष्ठावरील प्रत्येक विधानामागे ते करणारा कोणी वक्ता असतो, हे गृहीत आपल्या वाचनव्यवहाराच्या मुळाशी आहे. रोलाँ बार्थ यांनी 1967 साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. 1969 साली मिशेल फुको यांनी 'लेखक' ही संकल्पनाच तपासावयास घेतली. आपल्या समीक्षेतही या चर्चेचे पडसाद उमटले. परंतु या चर्चेचा रोख मुख्यतः अर्थाच्या स्वामित्वावर होता. विधानाच्या खरेपणाची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न तिच्या परिघावरच राहिला. कवितेच्या संदर्भात तो फारसा निकडीचा नसतो. शोधनिबंधाच्या संदर्भात मात्र तो टाळता येत नाही, कारण तेथे लेखक आपल्या नावानिशी काही एक खरे आहे असे सांगत असतो.

हा प्रश्न आज नव्याने उपस्थित होण्याचे कारण संहितेच्या निर्मितिप्रक्रियेत झालेला एक बदल हे आहे. टेक किंवा लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालींसाठी निबंध लिहिणारा अभ्यासक आता निष्कर्षाची संख्या स्वतः लिहीतच नाही, असे अनेकदा घडते. 'या संग्रहात हा शब्द' एवढे लिहून तो ठरावीक खुणांच्या आत पायथन किंवा आर या संगणकभाषेतील एकदोन ओळी घालतो आणि पुढे 'वेळा येतो' असे लिहून वाक्य पुरे करतो. अक्षरजुळणी होण्यापूर्वी प्रीप्रोसेसर, म्हणजे पूर्वप्रक्रिया करणारी एक स्वतंत्र आज्ञावली, ती फाइल वाचते, खुणांमधील ओळी वेगळ्या काढून चालवून घेते आणि आलेले उत्तर त्यांच्या जागी बसवते. वाचकाच्या हाती पडते ते एक सलग, निर्वेध वाक्य. या वाक्याचा कर्ता व्याकरणाने सांगता येईल. त्याचा वक्ता कोण, हे तितक्या सहजपणे सांगता येत नाही.

2

पूर्वप्रक्रियेची कल्पना नवी नाही. बेल प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात ट्रॉफ या प्रणालीसाठी समीकरणे आणि कोष्टके रचणाऱ्या स्वतंत्र पूर्वप्रक्रिया तयार झाल्या होत्या. देवनागरीचा टेकमधील प्रवेशही याच वाटेने झाला. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठासाठी फ्रान्स वेल्टहाइस यांनी 1991 साली सिद्ध केलेल्या व्यवस्थेत रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर आधी एका पूर्वप्रक्रियेतून जात असे. जोडाक्षरे कशी बांधावयाची आणि उच्चारात व्यंजनानंतर येणारी ऱ्हस्व वेलांटी लेखनात त्याच्या आधी कशी न्यावयाची, हे ती ठरवी. तेथे पूर्वप्रक्रियेकडे लिपीचे काम होते. विधानाचा आशय ती निर्माण करीत नव्हती.

आशयाचा प्रश्न डोनाल्ड क्नूथ यांच्या कार्यामुळे उपस्थित झाला. टेकची निर्मिती त्यांनी 1977 साली हाती घेतली. पुढे वेब नावाची जी लेखनपद्धती त्यांनी रचली, तिच्यात आज्ञावली आणि तिचे विवरण एकाच मूळ संहितेत लिहिले जाते. त्या संहितेतून एक प्रक्रिया यंत्रासाठी आज्ञावली काढते, तर दुसरी माणसासाठी वाचनीय निबंध विणते. 1984 साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी या पद्धतीला जे नाव दिले, त्याचा आशय 'साक्षर आज्ञालेखन' असा आहे. आपली आज्ञावली 'निरक्षर' आहे असे कोण कबूल करील, असा मिस्कील नैतिक दबाव त्या नावात आहे आणि क्नूथ यांनी तो उघडपणे मान्यही केला आहे. टेकची संपूर्ण आज्ञावली 1986 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आज्ञावली प्रथम माणसाला उद्देशून लिहावी, ही त्यामागील भूमिका.

पुढच्या पिढीने हे नाते उलटे केले. फ्रीडरिश लाइश यांच्या 2002 मधील स्वीव्ह या साधनात आणि त्यानंतर आलेल्या पायथनटेकसारख्या रचनांत निबंध हा मुख्य झाला आणि आज्ञावली त्याच्या उदरात गेली. आज्ञावलीला वाचक मिळावा ही क्नूथ यांची इच्छा होती. येथे निबंधाला त्याचा पुरावा परत मिळावा, अशी अपेक्षा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बकहाइट आणि डोनोहो यांनी 1995 साली, भूभौतिकीतज्ज्ञ जॉन क्लेअरबाउट यांचा विचार पुढे नेताना, या अपेक्षेला टोकदार रूप दिले. गणकाधिष्ठित विज्ञानातील छापील निबंध ही विद्वत्तेची केवळ जाहिरात होय; विद्वत्ता असते ती निष्कर्ष निर्माण करणाऱ्या संपूर्ण आज्ञासंभारात, असे त्यांचे म्हणणे आहे.

3

निष्कर्ष आणि त्याची रीत यांची फारकत झाली की काय होते, याचे बोलके उदाहरण अर्थशास्त्रात आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या 2010 मधील निबंधानुसार, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेलेल्या देशांचा सरासरी वृद्धिदर उणे 0.1 टक्का होता. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ या निबंधाचा आधार अनेकांनी घेतला. 2013 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी टॉमस हर्नडन यांनी मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासह मूळ तक्ता तपासला. पाच देश सरासरीच्या सूत्रातून वगळले गेले होते. काही वर्षांची माहिती घेतलेली नव्हती. देशांना भार देण्याची रीतही शंकास्पद होती. त्यांच्या गणनेने तोच दर 2.2 टक्के आला. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, मात्र आपला मुख्य निष्कर्ष टिकतो असे सांगितले. येथे महत्त्वाचे एवढेच की तीन वर्षे जे विधान जगभर उद्धृत होत होते, ते कसे निपजले हे छापील पानावरून कळण्याचा मार्गच नव्हता. आज्ञावली निबंधात गुंफलेली असती तर चूक टळली असती, असे म्हणता येणार नाही. मात्र तक्ता मागवून घेण्याची वाट न पाहता कोणाही वाचकाला ती दिसू शकली असती.

भारतीय प्रमाणविचाराची परिभाषा येथे उपयोगी पडते. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते. बाधक प्रत्यय येईपर्यंत किंवा कारणातील दोष दिसेपर्यंत ते प्रमाणच मानावयाचे. छापील संख्येकडे पाहण्याची आपली वृत्ती बहुधा अशीच असते. मीमांसक त्यापुढे जाऊन वेद अपौरुषेय, म्हणूनच निर्दोष, असे प्रतिपादतात. दोष वक्त्याच्या ठायी संभवतो, वक्ताच नसेल तर दोषाला आश्रय उरत नाही. यंत्राने काढलेल्या संख्येभोवती आज जे वलय दिसते, ते या अपौरुषेयत्वाचे लौकिक रूप आहे. 'हे मी म्हणत नाही, गणित म्हणते' या वाक्यात लेखक नम्रतेचा आव आणून स्वतःला वगळतो आणि त्याच क्षणी विधानाला दोषातीत करून टाकतो.

नैयायिकांची भूमिका याउलट आहे. त्यांच्या मते प्रामाण्य परतः ठरते आणि शब्दाचे प्रामाण्य आप्ताच्या ठायी असते. वात्स्यायनांनी आप्ताची जी लक्षणे सांगितली, त्यांत विषयाचे साक्षात ज्ञान आणि ते जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा, या दोहोंचा समावेश आहे. यंत्राला ज्ञानही नाही आणि इच्छाही नाही. म्हणून ते आप्त होऊ शकत नाही. आप्तत्वाचा एकच दावेदार उरतो, तो म्हणजे लेखक. पण मग पहिली अटही त्यालाच लागू होते. आपल्या वाक्यात कोणती संख्या येऊन बसली आणि ती कोणत्या रीतीने आली, हे त्याने स्वतः पाहिलेले असले पाहिजे.

4

हा प्रश्न केवळ विज्ञानाचा आहे, असे साहित्याच्या अभ्यासकाने समजू नये. समजा, एखाद्या कवीच्या समग्र कवितेत 'घर' हा शब्द किती वेळा येतो, हे कोणाला मोजावयाचे आहे. 'घर' हीच अक्षरमालिका शोधली तर 'घराचा', 'घरात' यांच्याबरोबर 'घराणे' आणि 'घरटे' हेही मोजले जातील. सुटा शब्दच मोजावयाचा म्हटले, तर सामान्यरूपे वगळली जातील आणि मराठीत ती वगळणे म्हणजे शब्दाचे अर्धे आयुष्य वगळणे होय. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' सापडणारच नाही. 'करणाऱ्या' यासारख्या शब्दातील ऱ्य संगणकात दोन भिन्न प्रकारे नोंदवला जाऊ शकतो; डोळ्याला एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन शब्द ठरतात. 'घरटे' मोजावयाचे की नाही, याचा निर्णय तांत्रिक नाही. कवीच्या प्रतिमासृष्टीत पक्ष्याचे घरटे आणि माणसाचे घर यांचे नाते काय, या अर्थनिर्णयनाचाच तो भाग आहे. हा निर्णय आज्ञावलीच्या एका ओळीत घेतला जातो. ती ओळ दिसत नसेल, तर समीक्षकाचे अर्थनिर्णयन वस्तुस्थितीचा वेष घेऊन वाचकापुढे येते.

या बाबतीत आपल्याकडे एक थोर आदर्श आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये आरंभलेली आणि 1966 मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. वर निश्चित केलेली संहिता, खाली हस्तलिखितांतील पाठभेद, आणि जेथे संपादकाची खात्री नाही तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ. पाठभेदांचा तो संभार फार थोडे वाचक वाचत असतील. तरीही तो छापलेला असल्यामुळे संपादकाचा निर्णय हा निर्णय म्हणून ओळखता येतो आणि त्याच्याशी वाद घालता येतो. आज्ञावलीगर्भ संहितेचे नैतिक मूल्य असेच आहे. मात्र मूळ फाइल वाचकाला खुली ठेवली तरच. केवळ विणलेले पान प्रसिद्ध करून आज्ञावली स्वतःजवळ ठेवणारा लेखक तळटीपा कापून संहिता छापणाऱ्या संपादकासारखा आहे.

5

तरीही एक अडचण राहते. आधारसामग्री बदलली की संख्या आपोआप बदलते. तिच्याभोवतीचे गद्य मात्र बदलत नाही. 'हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे' असे लेखकाने एकदा लिहिले. पुढे दोन कविता सामग्रीत भरल्या गेल्या, संख्या खाली आली, आणि 'जवळपास दुप्पट' हे शब्द जागच्या जागी राहिले. वाक्याचा अर्धा भाग आजचा, अर्धा कालचा. यावर उपाय म्हणून काही जण विशेषणही आज्ञावलीकडे सोपवतात. संख्या अमुक मर्यादेपलीकडे गेली की 'लक्षणीय', अन्यथा 'किंचित'. सोय म्हणून हे आकर्षक आहे. परंतु विशेषण हा निवाडा असतो आणि निवाडा करणाऱ्याने तो करताना जागे असावे लागते. मोजणी यंत्राकडे सोपवता येते, कारण तिची रीत आधी सांगता येते. मोजणीचे महत्त्व कशात आहे, हे ती पाहिल्यानंतरच सांगता येते.

विश्वासाचा व्यवहार उलट दिशेनेही चालतो. असा दस्तऐवज स्वतःच्या संगणकावर पुन्हा सिद्ध करणारा वाचक परक्याच्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालू देत असतो. टेकच्या प्रचलित वितरणांत बाहेरच्या आज्ञा चालवण्याची मुभा म्हणूनच मुळात अगदी मर्यादित ठेवलेली असते. ती वाचकाने जाणीवपूर्वक वाढवावी लागते. पुरावा तपासू इच्छिणाऱ्यालाही आधी थोडा विश्वास ठेवावाच लागतो. परतःप्रामाण्याची साखळी कोठे तरी थांबवावी लागते, हा मीमांसकांचा जुना आक्षेप येथे अगदी व्यावहारिक रूपात समोर येतो. तो अंशतः मान्य करूनही असे म्हणता येईल की ती कोठे थांबवावयाची, हे वाचकाला ठरवता आले पाहिजे. लेखकाने ते त्याच्या नकळत ठरवू नये.

तेव्हा संख्येचा वक्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर लेखक असेच द्यावे लागते. परंतु पूर्वीपेक्षा अधिक कडक अटींवर. आपल्या वाक्यात बसलेले उत्तर त्याने प्रत्येक आवृत्तीत वाचले पाहिजे. ते काढणारी रीत उघडी ठेवली पाहिजे. आणि कोणत्या दिवशीच्या सामग्रीवर आपण सही केली, ते नोंदवले पाहिजे. या तीन गोष्टी केल्या, तर आज्ञावलीगर्भ संहिता ही चिकित्सक संपादनाच्या परंपरेची वारसदार ठरेल. त्या टाळल्या, तर निबंधावर लेखकाचे नाव राहील, पण त्यातील विधानांविषयी उत्तर देण्यास कोणीही बांधील राहणार नाही.