पार्मेनिऑनचा वध आणि कथनाची नैतिकता

इ. स. पू. 330 मध्ये एकबाताना येथे पार्मेनिऑन मारला गेला तेव्हा तो सत्तरीचा होता. मॅसिडोनियाच्या राजदरबारातील हा सर्वांत ज्येष्ठ सेनापती. आधी फिलिपचा, मग अलेक्झांडरचा. त्याच्यावर खटला चालला नव्हता. कटाची वार्ता कानी येऊनही राजाला कळवली नाही, हा त्याच्या मुलावर, फिलोटासवर, मुख्य ठपका होता. त्याला देहदंड झाला आणि ती बातमी बापापर्यंत पोहोचण्याआधी सांडणीवरून मारेकऱ्यांना हुकूम धाडला गेला.

आरिआन या वधाची दोन संभाव्य कारणे देतो. बापाला कट ठाऊक नव्हता हे राजाला पटले नसावे. किंवा तो निर्दोष असला तरी मुलामागे त्याला जिवंत ठेवणे धोक्याचे होते. या दोहोंमधला ‘किंवा’ मला वधाइतकाच अस्वस्थ करतो. पहिले कारण न्यायाच्या भाषेतले आहे, दुसरे सत्तेच्या. त्यांना एका पातळीवर आणले की पार्मेनिऑन दोषी होता का, हा प्रश्नच निवेदनातून गळून पडतो.

हेच निवेदन त्याला एक ठरीव भूमिकाही देते. ग्रानिकस नदी पहाटेपर्यंत ओलांडू नये, गौगामेलाला रात्री छापा घालावा, डरायसचा तह स्वीकारावा: सल्ला त्याने द्यायचा, आणि राजाने तेजस्वी उत्तर देऊन तो खोडून काढायचा. दिओदोरस मात्र ग्रानिकस पहाटेच ओलांडली असे सांगतो! गौगामेलातील त्याच्या मंदपणाचा ठपका दरबारी इतिहासकार कॅलिस्थेनीसने ठेवला होता, असे प्लुटार्क नोंदवतो. (पुढे कॅलिस्थेनीसही राजाच्या रोषाला बळी पडला.) हे सर्व प्रसंग वधानंतर रचले गेले असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु वाचक एकबातानापर्यंत येतो तेव्हा या वृद्धाची गरज संपल्याची भावना त्याच्या मनात आधीच रुजलेली असते. निवेदक येथे साक्षीदार उरत नाही. तो वधाला उपयोगी पडतो.

म्हणून पार्मेनिऑनला निष्पाप बळी ठरवावे काय? तेही सोयीचे वाचन होईल. इ. स. पू. 336 मध्ये, फिलिपच्या खुनानंतर, अलेक्झांडरला नकोसा झालेला अट्टालस आशियातील छावणीत पार्मेनिऑनचा सहसेनानी होता. तो त्याचा जावईही होता. तोही खटल्यावाचून मारला गेला. आणि त्या कामी पार्मेनिऑननेच राजाची सेवा बजावली, असे कर्टिअस नोंदवतो.